आमचे भित्रे पैलवान

सहा फूट उंची, माझ्या मांडीएवढे दंड, ओठांवर झुपकेदार मिशा. असा माणूस दाराच्या बाजूला उभा राहून एका किडकिडीत पेशंटला हात जोडत होता, "दादा, मी लय भित्रा माणूस हाय. तुमच्या हातातलं तेवढं खाली ठेवा, म्हंजे मला बोलता येईल." किसन पैलवानांचं मला घडलेलं हे पहिलं दर्शन. पेशंटच्या हातात स्टीलचा ट्रे होता. त्याने पैलवानांना नीट न्याहाळलं आणि एवढ्या देहाला आपण घाबरवलं या समाधानात ट्रे खाली ठेवला.

तेव्हा मी नाशिकच्या एका रुग्णालयात मानसोपचाराची नवशिकी डॉक्टर होते आणि पैलवान तिथे वॉर्डबॉय. हा 'बॉय' पन्नाशी उलटलेला, मूळचा नांदगावकडचा, तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या खेळलेला. खवळलेला पेशंट धरायला दांडगा माणूस हवा म्हणून कुणा साहेबांनी त्यांना आमच्या तातडीच्या विभागात आणलं होतं. साहेबांचा अंदाज साफ चुकला, कारण पैलवान कुणाला धरायचेच नाहीत. "किती कुस्त्या मारल्या, मामा?" विचारलं की म्हणायचे, "मारल्या कमी, पडलो जास्त. म्हनून तर धरन्यावर माझा इस्वास नाय."

घाबरट तर इतके, की पाल दिसली तर औषधांच्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. लशीच्या रांगेत त्यांनी तीनदा मागच्यांना "तुम्ही व्हा पुढं" म्हणून वाट दिली, वर चेहरा दानशूराचा. शेवटी सिस्टरांनी त्यांचा दंड पकडला, तेव्हा त्यांनी डोळे मिटून अख्ख्या कुळातल्या देवांची नावं घेतली.

कामात मात्र त्यांचे नियम पक्के. पेशंटबरोबरचे सात नातेवाईक एकदम समजूत घालायला लागले, की पैलवान सहा जणांना बाहेर काढायचे. "एका टायमाला एकच तोंड. त्याच्या डोक्यात आधीच बाजार भरलाय, तुम्ही आनखी दुकानं लावू नका." स्वतः दोन हात लांब राहायचे, दार कधी अडवायचे नाहीत. मी दार लावायला निघाले की लगेच, "ऱ्हाऊ द्या, मॅडम. मांजर कोंडलं तर तेबी अंगावर येतं." मला हा सगळा वेळकाढूपणा वाटायचा. पाल आणि सुई ठीक, पण एवढा गडी पेशंटला काय भिणार, असं मी धरून चालले होते; त्यांचं ते भित्रेपणाचं नाटक तेवढं आवडायचं. कँटीनमध्ये मी त्याची हुबेहूब नक्कल करायचे आणि सगळ्यांना हसवायचे.

एका दुपारी द्राक्षबागेतून एका मजुराला आणलं. सोमा त्याचं नाव, सुरगाण्याकडचा, विशीतला. चार रात्री झोप नाही, सारखा आरडाओरडा, म्हणून मुकादमाने हात दोरीने बांधून त्याला जीपमध्ये घातलं होतं. तपासणीच्या खोलीत दोरी सोडताच त्याने सलाईनचा स्टँड उचलला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याची मनगटं सुजली होती. मी फर्मान सोडलं, "चौघं जण धरा, बांधा, इंजेक्शन देऊन टाकू."

"मॅडम, त्याला आत्ता सोडलाय," पैलवान हळूच म्हणाले. "आपनबी बांधला, तर आज झोपंल. पन जल्मात पुन्हा दवाखान्याची पायरी चढनार नाय. मला पाच मिन्टं द्या."

मी घड्याळाकडे बघत दिली. पैलवान आत गेले आणि दारापासून बाजूला, चक्क जमिनीवर बसले.

"भाऊ, मला तुमची भीती वाटती. तुम्हाला माझी वाटती का?"

सोमाने आपल्या सुजलेल्या मनगटांकडे पाहिलं. म्हणाला, "माला बांधशाल."

"नाय बांधनार. ह्या मॅडम हायेत, त्यांनाच इचारा."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. आता आली का पंचाईत! "नाही बांधणार," मी म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच माझा आवाज खाली आला.

"आता सुई का गोळी, ते तुम्ही सांगा," पैलवान म्हणाले. "मी असतो तर गोळीच घेतली असती. सुई बघूनच मला घेरी येती."

पाचाची वीस मिनिटं झाली. स्टँड हळूहळू खाली आला. सोमाने पाण्याबरोबर गोळी घेतली आणि तासाभरात तो मोकळ्या हातांनी झोपला.

बाहेर आल्यावर मी चहा मागवला. "मामा, आजचं नाटक झकास झालं!" पैलवानांनी कप उचलला आणि अर्धा चहा बशीत सांडला. त्यांचे हात लटलट कापत होते, शर्ट पाठीला चिकटला होता.

"नाटक कुठलं, मॅडम? खोटं बोललो असतो तर त्यानं लगेच वळखलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं मी कँटीनमध्ये या माणसाच्या खऱ्या भीतीवर टाळ्या घेत होते. "मग रोज आत जाता कसे?" मी विचारलं.

"माझी भीती वीस मिन्टांची. चहा प्यालो का संपली. त्याची चार रात्री चालू हाय. कोनीतरी जायाला पायजे ना त्याच्यापाशी."

पुढच्या महिन्यात सोमा आपल्या पायांनी गोळ्या न्यायला आला. पैलवान गेल्या वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांना 'निर्भय कर्मचारी' म्हटलं, तेव्हा पैलवानांनी चमकून मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतात की काय म्हणून.

मी अजून त्याच विभागात आहे. तपासणीच्या खोलीत जाताना पूर्वी मी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालायचे. थंडीमुळे, असं सांगायचे. आता बाहेर ठेवते. कापले तर कापू देते.