मडम काय बोलली

“ताईले संगं घेऊन जाय. मडम बोलते ते जसंच्या तसं सांगते आमची ताई. एक शब्द इकडचा तिकडं करत नाही.”

स्वयंपाकघरात थोरल्या वहिनी धाकटीला सांगत होत्या. दोघी माझ्या दादाच्या बायका. मी माजघरात, दाराच्या अलीकडे, हातात पाण्याचा गडू घेऊन उभी.

“मडम चावत तं नाही ना बाई?” धाकटीनं विचारलं.

“चावत नाही वं. हात थंडे रायतात तिचे, बाकी काही नाही.”

दोघी हसल्या. 

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. त्या दिवसापर्यंत तोंडातून काढलंही नव्हतं. तुम्हांला सांगते आहे, कारण... कारण काही नाही. सांगते आहे.

आमचं घर पिंपळगाव राजाचं. शेती बरी, माणसं भली. आईचा विरोध मोडून दादानं मला नागपूरला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत माझ्या वऱ्हाडी बोलण्याला मुली हसत, आणि सुट्टीत घरी आले की माझ्या शाळेतल्या बोलण्याला गाव हसे. मग मी बोलणंच कमी केलं. लोक म्हणू लागले, पोरगी शहाणी आहे. गप्प राहणाऱ्यावर माणसं किती लवकर भरवसा ठेवतात, पाहिलंय तुम्ही?

थोरल्या वहिनींनी तर डोळे मिटून ठेवला. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. गावात कुठे बारसं असलं की त्यांना बोलावणं येई—पण पाळण्यापाशी नाही, चुलीपाशी, घुगऱ्या शिजवायला. त्यांच्या हातच्या घुगऱ्या फार चांगल्या होतात, असं बायका म्हणत. त्या हसून जात. परत येत तेव्हा डोळे लाल असत. धुरानं, असं त्या सांगत.

एका सुट्टीत मीच त्यांना शहरातल्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथली गोरी डॉक्टरीण, जिला सगळे मडम म्हणत, नवी होती, तिला मराठी येत नव्हतं. म्हणून मी.

तिनं वहिनींना तपासलं, हात धुतले, आणि माझ्याकडे वळून बोलली. हे आधीच सांगून ठेवते—मला सगळं कळलं. नीट, स्वच्छ कळलं. ती म्हणाली, हिच्यात काही दोष नाही. थोडी अशक्त आहे, म्हणून ताकदीचं औषध देते. पण तपासायला हवं ते हिच्या नवऱ्याला. त्याला घेऊन या.

वहिनी डॉक्टरणीकडे पाहतच नव्हत्या. माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

मी म्हणाले, “औषध दिलं आहे. घेत राहाचं. होईल.”

‘होईल’ हा शब्द माझा. तो कोणीच उच्चारला नव्हता.

का केलं मी असं? लग्न न झालेल्या मुलीनं आपल्या भावाबद्दल हे सांगायचं—कुठल्या शब्दांत? इंग्रजीत ऐकताना काहीच वाटलं नव्हतं. मराठीत ते माझ्या जिभेवर येईना. परतताना छकडा हाकायला पुढे रहमानचाचा बसले होते. मला वाटलं, त्यांना ऐकू जाईल, घरी गेल्यावर सांगू. घरी आई होती. मग शाळा उघडली. पण एवढंच होतं का? मला शाळेत पाठवणारा दादा होता. तो माझ्यावर रागावला असता तर पुढचं शिक्षण कोणाच्या बळावर? हेही मनात होतं. त्या छकड्यातच होतं.

वहिनींनी ते औषध एकही दिवस चुकवलं नाही. कडू होतं. बाटली संपली की रहमानचाचांना सांगून दुसरी मागवत. आणि मग एके दिवशी आई म्हणाली, “मडमेचं औषध बी झालं. आता कशाची वाट पाहाची?”

कळतंय ना तुम्हांला? मी काहीच बोलले नसते तर निदान शंका तरी उरली असती. माझ्या शब्दानं ती जागाही ठेवली नाही. औषध हरलं, म्हणजे दोष वहिनींचाच—हे त्यांनासुद्धा पटलं. दादा दुसऱ्या लग्नाला नाही म्हणत होता. त्यांनीच त्याला तयार केलं.

लग्नाआधी दादानं मला अंगणात गाठलं. “मडम काय बोलली होती वं तवा? खरं सांग मले.”

“औषध दिलं होतं,” मी म्हणाले.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. असं बोलायला मला फार चांगलं येतं.

दुसरबीडहून धाकटी आली. वहिनींनीच तिला उंबऱ्यावर ओवाळलं. त्यांचं अंथरूण माजघरात आलं, सुट्टीत मी निजते तिथे, माझ्या शेजारी. दवाखान्याची ती बाटली त्यांनी धुऊन ठेवली आहे. तिच्यात आता तिळाचं तेल असतं. मी आले की त्या मला पुढ्यात बसवून त्यातलंच तेल माझ्या डोक्याला चोळतात. “लई विचार करते वाटते आमची ताई, डोस्कं तापलं,” असं म्हणतात. मी मान खाली घालून बसते. त्यांचा हात हलका आहे.

आता धाकटीलाही मूल नाही. आई तिच्याकडे तशाच नजरेनं पाहू लागली आहे. बारशाचं बोलावणं आलं की आता दोघी जातात, चुलीपाशी.

म्हणून ते स्वयंपाकघरातलं बोलणं. जसंच्या तसं सांगते आमची ताई.

वहिनींना मी दारात दिसले. “या ना ताई, तुमचीच गोष्ट चालू आहे. घेऊन जासान ना हिले?”

सांगून आता काय व्हायचं होतं? आलेली धाकटी परत जाणार नव्हती. त्या अंथरुणाची जागा बदलणार नव्हती. दादा शहरात जाईल, असंही मला वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या—दवाखान्यात पाहत होत्या तशाच. धाकटीही पाहू लागली. तिची नजरही तशीच होत चालली होती.

मी गडू खाली ठेवला.

“वहिनी, तुमच्यात काही दोष नाही, असं मडम बोलली होती. दादाले तपासाले आणा म्हणली होती. थे औषध निरं ताकदीचं होतं. मले तवाच समजलं होतं. मी तुमाले सांगतलं नाही.”