पत्रोबाची सही

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी सह्या गोळा करतो. मामीच्या मते दुसरं काम जास्त कष्टाचं आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मामा बघता बघता बाहेर काढतो, पण सहीच्या रांगेत अडकलेल्या मामाला संध्याकाळपर्यंत कुणी बाहेर काढू शकत नाही.

सह्या म्हणजे एका जुन्या मालिकेतल्या नटांच्या. मामा शाळेत होता तेव्हा ती टीव्हीवर लागायची. अंतराळात भरकटलेलं यान, यानात सात माणसं आणि एक यंत्रमानव. मालिका केव्हाच बंद पडली, चाहते मात्र बंद पडले नाहीत. दर वर्षी शहराबाहेरच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये त्यांचा दोन दिवसांचा मेळावा भरतो. टेबलांमागे म्हातारे झालेले नट बसतात, समोर रांगा लागतात, आणि चांगले पोट सुटलेले बापे अंतराळवीरांचे कपडे घालून थंड पेयांच्या स्टॉलपाशी गप्पा मारत उभे राहतात.

मामा तसले कपडे घालत नाही. इस्त्रीचा शर्ट घालतो, खिशात दोन चंदेरी मार्कर ठेवतो. रांगेतली नवी पोरं त्याला ‘रांगप्रमुख’ म्हणतात, कारण सहीतल्या सगळ्या खाचाखोचा त्याला विचाराव्यात. मार्कर आधी हलवायचा, रद्दी कागदावर दोन रेघा मारून बघायच्या, मगच नटाच्या हातात द्यायचा. सही झाली की फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. फोटो लगेच प्लास्टिकच्या पाकिटात सारायचा नाही, नाहीतर सही पाकिटाला लागते आणि फोटो कोरा राहतो. आणि सर्वांत वरचा नियम म्हणजे सही आपल्या डोळ्यांसमोर झालेली पाहिजे.

“पोस्टाने आलेली सही नटाच्या बायकोने केली नसेल कशावरून?” असं मामा म्हणतो.

“पोराच्या प्रगतिपुस्तकावर तुमची सही मीच करायचे,” मामी म्हणते. “मास्तरांनी कधी शंका घेतली नाही. उलट तुमचं अक्षर सुधारलं म्हणाले.”

मामाकडे त्या मालिकेचं एक मोठं, काळंभोर, गुळगुळीत पोस्टर आहे. त्यावर यानातल्या सातही जणांच्या सह्या त्याने वर्षानुवर्षं एकेक करून मिळवल्या. मधोमध कप्तानाची, सर्वांत मोठी. कप्तान झालेला नट ती सही दिल्यानंतर काही वर्षांनी वारला. राहिला होता फक्त यंत्रमानव. मालिकेत त्याला लांबलचक आकड्यांचं नाव होतं, पण मामाच्या वर्गात सगळे त्याला पत्रोबा म्हणायचे, आणि आमच्या घरात अजून तेच चालतं. पत्र्याच्या त्या डब्यात बसून काम करणाऱ्या नटाचा चेहरा कधी पडद्यावर आलाच नाही. त्यामुळे त्याला मेळाव्याला बोलवावं असंही कुणाला सुचलं नव्हतं.

या वर्षी सुचलं. मालिकेचा वाढदिवस होता. त्यातच आयोजकांना मामाच्या पोस्टरबद्दल कळलं. आठही सह्या असलेलं दुसरं पोस्टर कुठेच नव्हतं, असणं शक्यच नव्हतं. त्यांनी ठरवलं की शनिवारी पत्रोबाने सही केली की रविवारी पोस्टर हॉलच्या दाराशी, दिव्याखाली लावायचं. ‘संपूर्ण यान, आठही सह्या’ असं लिहिलेलं कार्डही छापलं. मामाने हे आम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज लग्न ठरल्यासारखा येत होता.

आता त्या पट्टीचं सांगायला हवं. पोस्टरवर जागा थोडीच उरली होती, कप्तानाच्या सहीला अगदी खेटून. नटाचा हात घसरून जुन्या सहीवर जाऊ नये म्हणून सहीवाले लोक रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावतात. शेजारची सही झाकेल अशी मोकळ्या जागेभोवती चौकट करायची, म्हणजे नवी सही आतच होते. ही पट्टी हलक्या हाताने आणि त्याच दिवशी सकाळी लावायची असते, नाहीतर तिचा गोंद घट्ट धरतो. हेही मामाच पोरांना सांगतो.

शनिवारी मी त्याच्याबरोबर गेले. पत्रोबाच्या टेबलासमोर चारदोन माणसं होती. बाकीच्या नटांच्या मागे त्यांचे तरुणपणीचे भलेमोठे फोटो लावले होते, याच्या मागे नुसता काळा पडदा. किडकिडीत, बारीक आवाजाचा म्हातारा. काठी टेबलाला टेकवलेली.

“आत उभं राहता यायचं नाही,” आम्ही काठीकडे बघतोय हे पाहून तो म्हणाला. “त्या डब्याने गुडघे खाल्ले.” मग पोस्टरवर वाकला. “मी कुठे आहे यात?”

“हा काय, डावीकडे,” मामा म्हणाला.

“हा डबा आहे. आत मीच होतो याला पुरावा काय?”

“म्हणून तर सही पाहिजे.”

म्हातारा हसला. मामाने मार्कर हलवून, रेघा मारून त्याच्या हातात दिला. त्याने चौकटीत सावकाश सही केली आणि मान मागे घेऊन बघितली. “जरा बारीक आली.”

“यानात तुम्हाला जागाच तेवढी होती.”

“तेही खरंच.” त्याने बोट न लावता एकेक सही वाचली. “आमची नावं पडद्यावर यायची ना, तेव्हा माझं शेवटी यायचं, दिवे लावणाऱ्यांच्या यादीत. या लोकांच्या शेजारी आज पहिल्यांदा बसतोय. उद्या दाराशी लागणार ना? मी बघायला येतो.”

संध्याकाळी मामाच्या घरी जेवणाचं टेबल पुसून त्यावर पोस्टर पसरलं. मामी बघायला उभी राहिली. मामाने पहिली पट्टी सोडवली, ती सुरळीत आली. दुसरी कप्तानाच्या बाजूची. ती निघताना चर्र असा आवाज आला आणि मामाचा हात थांबला. पट्टीच्या पाठीवर चंदेरी खपल्या होत्या. काळ्या कागदावर सुरुवातीचा एक फराटा आणि पुढे नुसती पुसट सावली. गुळगुळीत कागदात शाई मुरत नाही, वरच बसते. कप्तानाची सही जवळजवळ सगळी उचलून आली होती.

मामीने गॅस बंद केला.

“पट्टी कधी लावली होती?” मामीने विचारलं.

“गेल्या आठवड्यात.”

“आणि ठेवलं कुठे?”

“खिडकीशी, उन्हात.” मामा खुर्चीत बसला. “सकाळी घाईत वाकडी लागली असती. म्हटलं, आधीच नीट लावून ठेवू. पोरांना सांगतो आणि स्वतः…” त्याने वाक्य सोडून दिलं. पट्टी मात्र हातातून सोडली नव्हती.

मला त्याचं ते बसणं बघवेना. आणि खरं सांगायचं तर मला एक उपाय दिसला होता आणि तो दिसल्याबरोबर मी उत्साहात आले होते. माझ्या खोलीत मी स्वतः जोडलेलं एक मशीन आहे. ते पेन धरतं आणि सांगाल ती रेघ कागदावर ओढतं. पोस्टरचा मोठा, स्वच्छ फोटो मी पूर्वीच काढून ठेवला होता. त्यातली कप्तानाची सही उचलायची, मशीनला द्यायची, मार्कर तोच लावायचा.

“दाब कमी-जास्त होतो?” मामाने विचारलं. तो मान वर करून बघत होता.

“होतो. वेगही होतो.”

“सुरुवातीला कप्तान जरा टेकवून धरायचे पेन.”

“तेही जमेल.”

“आण.”

मी शेजारच्याच गल्लीत राहते. मशीन घेऊन आले. मामाने आपल्या हत्यारांच्या पेटीतून लेव्हल काढून मशीन टेबलावर सरळ बसवलं, एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला. यंत्र म्हटलं की त्याचे हात आपोआप चालायला लागतात. मामी म्हणाली, “करून टाका. प्रगतिपुस्तकाला चाललं, याला काय होतंय.”

आधी काळ्या गुळगुळीत कागदाच्या एका तुकड्यावर काढून बघितलं. मार्कर टेकला, थोडा थांबला, गर्रकन वळला, मध्ये एकदा अडखळला आणि शेपटी ओढून उचलला गेला. मी फोटो शेजारी धरला. केसाचाही फरक नव्हता. मामीने “अगं बाई” म्हटलं.

मामाने भिंग आणलं. बराच वेळ बघत राहिला. मग अडखळलेल्या जागेवर बोट ठेवलं.

“हे काय आहे माहितीये? सही करता करता त्यांनी मला विचारलं, काय काम करतोस. मी म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतो. ते म्हणाले, मग आमच्या यानाची का नाही केलीस, मालिकेचे सगळे भाग भरकटतच राहिलो आम्ही. आणि हसले. हसताना हात हलला.” त्याने भिंग खाली ठेवलं. “तुझं मशीन कुणी काही न विचारताच अडखळलं.”

“पण मामा, बघणाऱ्याला काय कळणार?”

“काहीच नाही कळणार. फार सुंदर झालंय, खरंच सांगतो. मी दुकानात बघितली असती तर फसलो असतो.”

“मग?”

“मग उद्या तो म्हातारा काठी टेकत येणार. या लोकांच्या शेजारी पहिल्यांदा बसलो म्हणून बघत उभा राहणार. आणि त्याच्या शेजारी कोण? तुझं मशीन.” त्याने पोस्टर गुंडाळायला घेतलं. “नको, इंजिनिअरबाई. उचल.”

मी उचललं. थोडी फुरंगटूनच. इतकं अचूक चाललेलं मशीन बंद करायचं जिवावर येतं. मामा मला सोडायला खालपर्यंत आला, मशीन त्यानेच धरलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही आयोजकांपैकी पोस्टर लावायचं बघणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांच्या गळ्यात ओळखपत्रांचा झुबका होता आणि दोन्ही हातांत फोन. मामाने पोस्टर उलगडून झालं ते सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं.

“सुरुवात दिसते की थोडी. लोक दुरूनच बघतात हो, काका.”

“दिसते ती सही नाही. डाग आहे.”

“अहो पण कार्ड छापून झालंय.”

“कार्डावर सात करा.”

“सात असलेली खूप जणांकडे आहेत.”

“त्यात पत्रोबा नाही.”

“कोण?” त्या बुचकळ्यात पडल्या. मामाने समजावलं. बाई वाईट नव्हत्या, पण ‘संपूर्ण यान’ हीच कल्पना होती आणि वर पाटी टांगून झाली होती. शेवटी म्हणाल्या, “तिथे मग कप्तानाचा कोट लावते. रागावू नका.” मामा म्हणाला, “रागावतो कशाला, पट्टी मीच लावली.”

तिथून घरी जाता आलं असतं. मी तसं सुचवलंही. पण मामा पत्रोबाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे दोघेच होते, तरी रांगेतूनच गेला. टेबलापाशी आल्यावर त्याने पोस्टर पसरलं आणि शेजारी ती पट्टी ठेवली, जशीच्या तशी, चंदेरी बाजू वर.

“दाराशी नाही लागणार,” तो म्हणाला. “कप्तान माझ्या हातून गेला.”

म्हाताऱ्याने पट्टी उचलून उजेडात धरली. मला वाटलं, आता याचे डोळे भरून येणार.

“हा माणूस,” तो म्हणाला, “दर शॉटला माझ्यापुढे येऊन उभा राहायचा. दिग्दर्शक ओरडायचा, अरे डबा दिसू दे, डबा दिसू दे. हा हलायचा नाही. आणि आज मी शेजारी येऊन बसलो तर निघूनच गेला.” तो खाली मान घालून खदखदून हसत राहिला, खोकला येईपर्यंत. मामाने पाण्याची बाटली पुढे केली.

पाणी पिऊन त्याने विचारलं, “दुसऱ्या कुणाकडून तशीच सही काढून घेता आली असती की.”

“तयारी झाली होती. ही माझी भाची. हिने हुबेहूब काढली होती, मशीनवर.”

“मग?”

“तुम्ही बघायला येणार होतात,” मामा म्हणाला.

पोस्टरची सुरळी झालेली कड म्हाताऱ्याने तळहाताने सपाट केली, आणि मग माझ्याकडे वळला. “माझी काढेल का गं तुझं मशीन? दुपारनंतर हात दुखतो.”

“नाही,” मी म्हटलं, “मामा रागावेल.”

“रागावेलच.” त्याने मागे मान वळवून काळ्या पडद्याकडे पाहिलं. “माझ्या मागे काहीच नाही. लावायला फोटोच नव्हता त्यांच्याकडे. हे लावता का इथे?”

मामाने पडद्याच्या दांडीला चिमटे लावून पोस्टर टांगलं, दोनदा उतरवून सरळ केलं. म्हाताऱ्याने त्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली. इतकी वर्षं मेळाव्याला जाऊन मामा टेबलाच्या त्या बाजूला कधी बसला नव्हता. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

येणारे जाणारे थांबायला लागले. मध्ये जागा का मोकळी, असं विचारायला लागले. पहिल्यांदा मामाने सांगितलं, खिडकी आणि पट्टीसकट, जसं घडलं तसं. पुढच्या वेळी म्हाताऱ्याने मध्येच घुसून शॉटचा किस्सा जोडला. दुपारपर्यंत तो एकटाच सांगत होता आणि त्याच्या गोष्टीत कप्तान स्वतःच पोस्टरवरून उठून गेला होता. समोर बऱ्यापैकी रांग झाली होती.

“तसं नव्हतं झालं,” मामा हळूच म्हणाला.

“तुम्ही लिफ्ट बघा,” पत्रोबा सही करता करता म्हणाला. “या यानाचं मी बघतो.”