रिकामी गिरणीबी बोलती

धारूरच्या बाजारात सोमेश्वर तिडक्यांची पिठाची गिरणी आहे आणि तिच्याच मागच्या खोलीत त्यांचा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संदेशांचा संच. सहा दिवस दळण आणि रविवारी नवख्या पोरापोरींना रेडिओ शिकवणं, हा त्यांचा शिरस्ता. माणूस मायाळू, पण शिकवताना डोकं लवकर तापतं.

त्या रविवारी त्यांनी फळ्यावर ‘फ्रिक्वेन्सी शिफ्ट कीइंग’ असं लिहिलं. "रेडिओवरून अक्षर धाडायचं तर त्याचे एक आणि शून्य करायचे. एकाला खालचा सूर, शून्याला वरचा. सूर बदलत राहायचा, थांबवायचा न्हाई. बस्स!"

"पण काका," कॉलेजातली वैष्णवी म्हणाली, "शून्य म्हणजे काहीच न्हाई. मग तिथं सूर कावून? गप्प बसावं की!"

तिसऱ्यांदा तोच सवाल! काका तरातरा उठले. त्यांनी गिरणी चालू केली आणि भिंतीपलीकडे भाकरी थापत असलेल्या बायकोला ओरडून विचारलं, "अगं, दाणे पडतेत का, तिथूनच सांग!"

त्यांनी वरून मापभर ज्वारी ओतली, तसा गिरणीचा आवाज जड झाला.

"पडतेत!" विमलबाई ओरडल्या.

ज्वारी संपली आणि आवाज चढला.

"रिकामी पळवताय कावून? दगड झिजतेत की!"

वैष्णवीचे डोळे चमकले. "म्हंजी रिकामी गिरणीबी बोलती!"

"हां! रिकामं हाय, हेबी सांगावंच लागतं."

"आन् गप्प झाली तर?"

काका त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "तर ते शून्य न्हाई, बाई. लाईट गेली!"