सात नंबरचं रीळ

हे सांगायचं मी साठ वर्षांहून जास्त काळ टाळलं. बायकोला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. आजही लिहिलं नसतं. पण मागच्या अंकात याच सदरात कुणीतरी पनवेलच्या ‘झपाटलेल्या तंबू’चा अनुभव पाठवला आणि माझं डोकं फिरलं. लिहिणाऱ्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आजोबांकडून ऐकलं म्हणे! आणि लिहिलंय काय — तर तंबूतला यहुदी ऑपरेटर जादूटोणा करायचा, माणसांना फिल्ममध्ये पकडायचा. शरम वाटायला हवी. त्याला नंतर वाटो, आधी मला वाटायला हवी. कारण त्या दिवशी मशीनपाशी तो ऑपरेटर नव्हताच. मी होतो.

आधी एक स्पष्ट करतो. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आज सत्याऐंशीव्या वर्षीही नाही. कदाचित म्हणूनच मला भुताचे सिनेमे वेड्यासारखे आवडायचे. पडद्यावर दार करकरलं की पाठीतून जी शिरशिरी जायची, तिच्यासाठी मी काहीही केलं असतं. आणि केलंच.

पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं. दिवाळी झाली की गाढी नदीच्या अलीकडच्या माळावर टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा, तो पावसाळ्यापर्यंत. मधे कनात, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. मागे पत्र्याची केबिन, तिच्यात एकच मशीन. प्रत्येक रीळ संपलं की पडदा पांढरा, आणि दुसरं चढेपर्यंत लोकांच्या शिट्ट्या.

ऑपरेटर होता रूबेन. इस्रायल आळीतला, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठा, आई आणि तो असे दोघंच घरी. शुक्रवारी दिवस मावळला की त्याचा शब्बाथ सुरू. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत तो कामाला हात लावायचा नाही, दुसऱ्याला सांगून करवूनही घ्यायचा नाही. नोकरी धरतानाच मालकाला त्याने हे सांगितलं होतं. मी भातगिरणीत कारकून, पण सिनेमासाठी रोज केबिनच्या दारात उभा. एकदा रूबेन म्हणाला, “सदा, नुसता घाबरत काय बसतोस? मशीन शीक. शुक्रवारचे खेळ तू चालव.” स्वतःच्या हाताने त्याने मला शिकवलं. मशीनच्या दिव्याचा कार्बन कसा लावायचा, फिल्म कशी ओवायची. मला स्वर्ग मिळाला.

त्या आठवड्यात एक भुताचा सिनेमा लागला होता. मी रोज पाहत होतो. त्यात सात नंबरचं रीळ माझं सगळ्यात लाडकं — नायिका कंदील घेऊन जिना चढते, वरचं दार ढकलते, आत रिकामा झोपाळा हलत असतो. बस, एवढंच. पण दर वेळी मी केबिनचं दार घट्ट धरून उभा राहायचो.

गुरुवारी ते रीळ तुटलं. सांधायला रूबेन घरी घेऊन गेला. जाताना म्हणाला, “उद्या दिवस मावळायच्या आत येऊन ने हो. मांडणीवर ठेवतो. एकदा आईने दिवा लावला की मी हात लावणार नाही.”

“येतो रे बाबा. किती वेळा सांगशील?”

मी विसरलो. गिरणीतून सुटलो तो सरळ तंबूत. त्याच्या घरी मांडणीवर ते रीळ पडलेलं त्याला दिसत असणार, जीव तुटत असणार, पण शब्बाथ लागला होता. आणि त्याचा माझ्यावर भरवसा होता.

सहावं रीळ संपलं. मी सातवा डबा उघडला — रिकामा! शिट्ट्या सुरू झाल्या. म्हटलं, कुणाला कळतंय, आठवं चढवू. आठव्या डब्यावरचा खडूचा आकडा मी वाचला, फिल्म ओवली, मशीन सुरू केलं.

पडद्यावर जिना आला.

नायिका कंदील घेऊन चढू लागली. मी मशीनकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिने दार ढकललं. आत झोपाळा नव्हता. आत आमचा तंबू होता. पाठमोरी माणसं, मधली कनात, पलीकडे बायकांची डोकी... सगळं मी उभा होतो तिथून दिसावं तसं. आजचे लोक म्हणतील कॅमेरा असेल. कसला कॅमेरा? तेव्हा अख्ख्या गावात फोटो काढणारा एकच होता, तोही लग्नकार्यात.

पुढच्या रांगेत लाल टोपीवाला एक जण उठून उभा राहिला. पडद्यावरचाही उठला. याने हात वर केला, त्यानेही केला. मग जी किंकाळी उठली, ती आजही कानात आहे.

लोक कनात तोडून पळाले. उरणकडची एक कोळीण पायाखाली सापडली, तिचं मांडीचं हाड मोडलं. मी कार्बन विझवला, झडप पाडली आणि मशीनमधली फिल्म हातात घेऊन कंदिलापुढे धरली. कोर्टाचा सीन होता. न्यायाधीश, साक्षीदाराचा पिंजरा. आठवं रीळ. मशीनमधून तेच जात होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबूपाशी गर्दी. कोळणीचा भाऊ मालकाच्या अंगावर धावून आला. “आमी परद्यावं आमालाच बगितला! यो मानसाचा काम नाय! कोन हाय तुजा मशीनवाला?” तेवढ्यात चांदण्या पाहून रूबेन आला. काखेत सात नंबरचं रीळ. त्याला काहीच माहीत नव्हतं. मलाच म्हणाला, “काय रे, विसरलास ना? गाढव आहेस.”

मालकाने माझ्याकडे पाहिलं. “काल जिना दाखवलास ना? मग हे याच्याकडे कसं?”

खरं सांगितलं असतं तर मालक म्हणाला असता, हा वेडा आहे. किंवा, यानेच काहीतरी केलं. दोन्हीकडून केबिन गेली असती. मला त्या क्षणी फक्त केबिन दिसत होती. एका बाईचा पाय मोडलाय आणि मला पुढच्या सिनेमाची काळजी! मी म्हणालो, “काल मी नेलं होतं. याने जसं सांधून दिलं तसं दाखवलं. सकाळी याच्या घरी परत ठेवून आलो.”

सकाळी मायलेक प्रार्थनेला मशिदीत होते, म्हणजे त्यांच्या सिनेगॉगमध्ये. घराला कुलूप लावायची रीत नव्हती. हे मला माहीत होतं. म्हणून तर खोटं इतकं नीट बसलं.

रूबेन माझ्याकडे वळला. “सदा, माझ्या आईपुढे बोलशील हे?”

“बोलेन,” मी म्हणालो. आणि बोललो. ती म्हातारी फक्त म्हणाली, “जेवलास का बाबा?”

त्याची नोकरी गेली. मग शनवारतेल्याने (शनिवार पाळणाऱ्या यहुद्यांना गाव असंच म्हणे) करणी केली, रिळात माणसं घातली, असं सुरू झालं. ज्यांच्या घरची लग्नकार्यं या मायलेकांनी आपली मानली, त्यांनीच त्यांच्या कौलांवर दगड टाकले. त्या लोकांचा मला आजही संताप येतो, आणि त्यांना दगड कुणी पुरवले ते आठवलं की स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही. केबिन मला मिळाली. एकही भुताचा सिनेमा मी नंतर पुरता पाहू शकलो नाही.

वर्षभरात आळीतली बरीच घरं इस्रायलला निघाली, त्यात हेही. मी एस.टी. स्टँडवर गेलो होतो. सांगायचंच, असं ठरवून. रूबेनने मला बाजूला घेतलं. वाळला होता. म्हणाला, “माझा राग नाही रे. एकच सांग. मी रात्रभर ते मांडणीवर बघत होतो. तू म्हणतोस नेलं. मग मी काय बघत होतो? माझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

मी म्हणालो, “गाडी सुटेल. बस.”

पत्ता माझ्याकडे नव्हता. मिळवता आला असता, मिळवला नाही. तिकडून एका लग्नाला आलेल्या बाईंनी पुढे सांगितलं, तो गेला. आणि म्हातारपणीही मधूनच विचारायचा, त्या रात्री रीळ घरात होतं की नव्हतं.

त्या रात्री पडद्यावर ते कुठून आलं, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत एकही उत्तर पटलेलं नाही. मागच्या अंकातल्या लेखकाने हवं ते भूत घालावं त्यात. पण माणसाचं नाव घालू नये.

रूबेन, रीळ मांडणीवरच होतं. मी नेलं नव्हतं. तुझं डोकं ठिकाणावर होतं, तू बरोबर बघत होतास. मी खोटं बोललो. मला माफ कर.