मेलेला ड्रमर पहिल्या रांगेत

रेल्वेचे डबे दुरुस्त करण्यात उभी हयात घालवलेल्या जनार्दन तायड्यांना साठीनंतर मरायची संधी चालून आली, आणि त्यांनी ती हसत हसत घेतली. त्यांची मुलगी गौतमी मित्रांना घेऊन, कधी नव्हताच अशा एका रॉक बँडचा खोटा माहितीपट काढत होती. बँडचं नाव ‘लाल सिग्नल’. त्याचा ड्रमर संक्रांतीला कटलेला पतंग धरायला धावला आणि ड्रमसकट गच्चीवरून खाली गेला, अशी कथा.

“बाबा, तुम्हीच ड्रमर. थोडं वाजवायचं, मतलब जोरात वाजवायचं, आणि मग मरायचं.”

जनार्दनराव एका पायावर तयार. भुसावळला भीमजयंतीत त्यांच्या ढोलकीशिवाय पान हलत नसे. जयपूरला बदली झाली आणि ढोलकी माळ्यावर गेली ती गेलीच.

कलावतीबाईंनी मात्र घर डोक्यावर घेतलं. “आत्ता कुठं ऑपरेशनमधून उठलेत, आणि फोटोला हार घालता? लाज कशी वाटत नाही!” पण ड्रमपुढं बसलेल्या नवऱ्याचा चेहरा बघून त्या नरमल्या.

हृदयाच्या त्या ऑपरेशनपासून जनार्दनरावांना एकच गोष्ट सलत होती. “इतकी वर्षं इथं काढली, पण इथं आपलं आहे कोण? उद्या मेलो तर चार खांदे मिळतील का? भुसावळलाच जाऊ या.” कलावतीबाईंना मात्र जायचं नव्हतं.

रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये माहितीपट दाखवला. विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डरनं बँडसाठी लोखंडी गिटार बनवल्याची थाप इतक्या गंभीरपणे मारली की लोक हसून लोळले. मग आली शोकसभा. गौतमीनं सगळ्यांना सांगितलं होतं, महान ड्रमरबद्दल मनाला येईल ते ठोकून द्या.

पडद्यावर रेल्वेच्या शेडबाहेरचे चहावाले सुखदेवजी आले. दोन वाक्यं थापा मारल्या आणि गडी अडखळला. “मेरे बेटे की निकासी में बैंडवाले आए ही नहीं। घोड़ी पे लड़का रो रहा था। ये आदमी ड्यूटी से आया, वर्दी में ही किसी की ढोलक लेकर बजाता चला। मेरी इज्जत रख दी। ऐसा भाई अब कहाँ मिलेगा?” आणि ते खरेच रडले.

जनार्दनराव ती निकासी, म्हणजे घोड्यावरच्या नवरदेवाची वरात, पार विसरले होते. दिवे लागताच ते पहिल्या रांगेतून उठून सुखदेवजींकडं गेले. सुखदेवजी खाली बघत म्हणाले, “जीते आदमी के मुँह पे कहते शर्म आती है, तायडेजी।” जनार्दनरावांनी त्यांना कडकडून मिठी मारली. या शहरानं आपल्याला कधीच घरातलं करून टाकलं होतं आणि आपल्यालाच पत्ता नव्हता, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला.

घरी जाताना ते म्हणाले, “भुसावळ राहू दे. आणि कलावती, दवाखान्यात तू त्या बाकावर बसून रात्री काढल्यास, म्हणून मी...”

“गप्प बसा हो! मी काय मेलेय का?”

पण ते गप्प बसले नाहीत. घराचं फाटक येईपर्यंत एकेक आठवून सांगत राहिले, आणि कलावतीबाई पदर डोळ्यांना लावून मुद्दाम हळू चालत राहिल्या.