निल्डाचा मुको

मक्याचं पीठ तोंडात धरायचं, थुंकीत भिजवायचं, जिभेने टाळूला दाबून त्याचा गोळा करायचा आणि उन्हात वाळवायचा. हा मुको. जुन्या पद्धतीची चिचा, म्हणजे मक्याची बिअर, त्याच्यावरच आंबते. क्लिसा गावाच्या पंचक्रोशीत हे काम आता कोणी करत नाही. पोरींना किळस येते, शिवाय तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही, ही त्याहून मोठी अडचण. सेवेरिनाची निल्डा मात्र करायची. अख्खी दुपार आईसमोर गाल फुगवून बसायची आणि नुसत्या डोळ्यांनी शेजारणींची टवाळी करायची.

कार्निव्हलनंतर निल्डा ज्या ट्रकमधून बाजाराला निघाली, तो दरीत गेला. मागे तिच्या मुकोची एक पिशवी राहिली, आढ्याला टांगलेली. नोव्हेंबरात मेलेली माणसं घरी जेवायला येतात. पोरीच्या पहिल्या जेवणाला तिच्याच मुकोची चिचा ठेवायची, हे सेवेरिनाने तेव्हाच ठरवून टाकलं.

सणाच्या तोंडावर ती आजारी बहिणीकडून महिन्याने परतली, तर आढ्याला नुसता दोर.

"फ्लोरियान, पिशवी?"

नवरा बूट पुसायला लागला. बूट स्वच्छच होते. "दिली. शहरातल्या त्या लिंबेर्तला. पूर्वजांची बिअर करतोय म्हणे."

"कुणाला विचारून?"

"रोज डोक्यावर लोंबायची गं. जेवताना, झोपताना. मला बघवेना."

दुसऱ्याच दिवशी ती शहरात, कोचाबांबाला गेली. लिंबेर्तची दाढी कोरलेली, भिंतीवर पूर्वजांची चित्रं, आणि पूर्वजांचीही दाढी कोरलेली.

"पिशवी परत दे, बाळा."

"मावशी, ती केव्हाच पिंपात गेली! आज संध्याकाळी तर पिंप उघडतोय. थांबा ना, पहिला पेला तुमचा."

मुको कुणाचा, हे तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तेही बाटलीवर छापलं असतं.

संध्याकाळी पेला हातात आला. इवलासा. शहरातली माणसं आधी हुंगत होती, मग एकमेकांकडे बघून माना डोलवत होती. सेवेरिनाने रीतीप्रमाणे पहिला घोट जमिनीला दिला. फरशी गुळगुळीत होती, ती काही तो प्यायली नाही. एक मुलगी धावत आली आणि पुसून फडकं बादलीत पिळून गेली.

"थोडी बाटलीत भरून देशील?"

"बाटल्या स्पर्धेसाठी मोजून ठेवल्यात, मावशी. इथेच प्या ना, मजेत!"

उरलेली बिअर तिने तोंडात घेतली आणि ओठ मिटले. फेस नाकात चढला, डोळ्यांत पाणी आलं, पण गिळली नाही. निल्डाच्या तोंडातलं दुसऱ्या कशात न्यायचं तिला सुचलंच नाही.

"कशी आहे?" लिंबेर्तने विचारलं. ती वळून बाहेर पडली.

क्लिसाच्या गाडीत शेजारीण होती. "काय गं, दाढ काढून आलीस? का नवऱ्याने मुकं करणारा मंत्र मारला?" सेवेरिनाने तोंड खिडकीकडे फिरवलं, तशी बाई फुरंगटली. "बरं बाई, मोठी माणसं तुम्ही." रस्त्यावर खड्डा आला की घशाखाली थोडं जायचं. प्रत्येक खड्ड्याला सेवेरिना डोळे मिटायची.

थांब्यावर फ्लोरियान उभा होता. तो मागोमाग स्मशानापर्यंत आला. "शिव्या दे. पण बोल." ती चालत राहिली.

थडग्यापाशी वाकून तिने तोंड उघडलं. एक कोमट घोट उरला होता. त्यात बिअर किती आणि तिची स्वतःची थुंकी किती, कोण सांगणार! मातीने तो पिऊन टाकला.

"आता तरी बोल," फ्लोरियान म्हणाला. टोपी त्याच्या हातात होती.

तोंड रिकामं झालं होतं. तिने ओठ पुसले आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. निल्डापुढे विकतची चिचा ठेवली होती. सेवेरिना सगळ्यांशी बोलली, शेजारणीशी हसलीसुद्धा. फ्लोरियानने दोनदा पाणी मागितलं. मग तो स्वतःच उठला.