पृथ्वीगोलावर मोखाडा

समोर खुर्ची असली तरी ती बसायची नाही, खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभी राहायची. "बसलं की डोकं थांबतं, सर," म्हणायची. जव्हारच्या आमच्या शाळेत ती संगणक शिकवायला आली, तेव्हा नव्या मॅडमची कंबर दुखते असंच मुलांना वाटलं. टाइप उभ्यानं, डबा उभ्यानं, आणि तोंडात घास असतानाच पडद्यावर पृथ्वी फिरवून बघणं.

हो, पृथ्वी. इंटरनेटवर उघडणारा, माऊसनं हवा तसा फिरवता येणारा पृथ्वीगोल ती स्वतः तयार करत होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी मराठी शिकवायचो, मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण संगणकाच्या खोलीत पंखा होता, म्हणून मधली सुट्टी तिथं काढायचो.

ती मोखाड्याकडच्या पाड्यावरची. जमीन नाही. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जात, ही आश्रमशाळेत राही. "भिवंडीकडं, एवढंच माहीत असायचं," ती म्हणाली. "एकदा मला कावीळ झाली. निरोप द्यायला मामा गेला. भट्ट्या फिरून फिरून तसाच परत आला."

म्हणून हा गोल. पाड्यावर क्लिक केलं की तिथली माणसं कुठं गेलीत त्या रेघा दिसाव्यात, आणि रेघेच्या टोकाला भट्टीचं ठिकाण नि मुकादमाचा फोन.

"मग जिल्ह्याचा नकाशा पुरे की," मी म्हणालो.

"आणि उद्या कुणी दुबईला गेलं तर?"

शाळेतल्या मुलांना विचारून तिनं पहिल्यांदा रेघा काढल्या, तेव्हा त्या दिसल्याच नाहीत. अख्ख्या पृथ्वीवर मोखाडा ते भिवंडी हे अंतर ठिपक्याएवढंही भरत नाही. तुम्ही तेव्हा तिचा चेहरा पाहायला हवा होता. "पाडाच्या पाडा रिकामा होतो, सर. आणि इथं काही हललंसुद्धा नाही."

मग जवळून बघण्याची सोय करण्यात तिचा पावसाळा गेला. जवळ गेलं की गोल फाटायचा, समुद्र डहाणूवर चढायचा. ती येरझाऱ्या घालायची, लिहिलेलं पुसायची, पुन्हा लिहायची. तिच्याकडे बघून मलाच धाप लागायची. दिवाळीच्या सुमाराला एकदाचा समुद्र जागेवर राहिला.

थंडीत खोडाळ्याकडची एक बाई शाळेत आली. इथं माणसं सापडतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सासू शेवटच्या घटका मोजत होती आणि एकुलत्या मुलाचं, म्हणजे हिच्या नवऱ्याचं, नाव घेत होती. मॅडमनी पाडा काढला, रेघ उमटली, मुकादमाला फोन लागला. बाई पडद्यावरून नजर काढत नव्हती.

"एवढा जवळ हाय?" तिनं विचारलं. "मंग येत का नाय?"



दुसऱ्या दिवशी मुलगा पोचला. त्याच्या हातून म्हातारी दोन घोट पेज प्यायली आणि गेली. हे कळल्यावर मी म्हणालो, "मॅडम, तुमच्यामुळे झालं."

"त्याच पाड्यावरचे बाकीचे कुठं आहेत, ते मला माहीत नाही, सर."

होळीनंतर तिनं नोकरी सोडली. भट्ट्यांवर जाऊन स्वतः विचारल्याशिवाय गोलात काही भरायचं नाही, म्हणाली. कायम होणार होती. मी समजावलं, हेडमास्तरांनी समजावलं. ती दारात उभी राहून ऐकत होती, पण पिशवी खांद्यावरून उतरली नव्हती.

पुढं मी अधूनमधून गोल उघडायचो. नवे ठिपके दिसायचे. वसई, मग पालघर, मग गुजरातचा किनारा. ती आज कुठवर पोचली, ते मला असं कळायचं. एकदा फोन लागला. मागं इंजिनाची घरघर होती.

"वापीच्या पुढं आहे, सर. ठेवते, जीप सुटतेय."

नंतर तो नंबर लागला नाही. गोल मात्र बरेच महिने उघडत राहिला. समुद्राच्या काठाला, मिठागरांच्या भागात, एक शेवटचा ठिपका होता. त्याखाली मुकादमाचं नाव नव्हतं, फोन नव्हता. तिनं एवढंच लिहिलं होतं, "इथं आपली माणसं आहेत म्हणतात. विचारते."